तुमची अर्धी राहिलेली बारी

प्रिय मामाजी,

खरं तर 'तीर्थरूप' लिहायला हवं. सासऱ्याला 'प्रिय' लिहिणारा जावई तुमच्या पातुरात कोणी पाहिला नसेल. पण तीर्थरूप लिहिलं की पुढे साष्टांग नमस्कार येतो, आणि त्याच्यापुढे मला काही सुचत नाही. तुम्ही समोर असताना तरी कुठे सुचायचं? चहा झाला का, फुलांना भाव काय मिळाला, अकोल्यावरून बस लगेच मिळाली का, एवढ्यावर आपलं बोलणं आटपायचं. म्हणून आज 'प्रिय'. चालवून घ्या.

लिहायला बसलो त्याचं कारण असं, की तुमची अर्धी राहिलेली बारी काल पूर्ण झाली. मी नाही केली हो! मी बटनालाही हात लावला नाही. तुमच्या लेकीनं केली.

तुम्हाला आठवतं का, हे सगळं सुरू कसं झालं? विहिरीच्या पायरीवरून घसरून तुम्ही पाय मोडून घेतला आणि तुमच्या लेकीनं, वर्षानं, तुम्हाला उचलून अमरावतीला आणलं. लेकीच्या घरी इतके दिवस राहायचं म्हणून तुम्ही इतके अवघडलात की पाणीसुद्धा मागायचा नाहीत. प्लास्टरचा पाय उशीवर आणि डोळे भिंतीवरच्या कॅलेंडरवर. दिवसभर कॅलेंडर काय वाचत होतात, देव जाणे.

रविवारी माझं फ्लेक्सचं दुकान बंद असतं. मी लॅपटॉपवर माझा खेळ घेऊन बसलो होतो आणि तुम्ही तिरक्या नजरेनं बघत होतात. शेवटी विचारलंत, हे काय म्हणून. मी सांगितलं, राज्य करायचं असतं. बुटके असतात, वनदेव असतात, राक्षस, अजगर, जादूगार. सगळा नकाशा आधी काळा असतो; आपली माणसं जिथे उभी, तेवढाच उजेड. एकानं आपली सगळी माणसं हलवायची, मग दुसऱ्यानं. एकाचं होईस्तोवर दुसऱ्यानं थांबायचं, कितीही वेळ लागो. हे तुमच्या गळी उतरवायला संध्याकाळ होईल असं मला वाटलं होतं. तुम्ही एका वाक्यात संपवलंत.

"म्हंजे विहिरीवानी. बारी हाय."

तुमची आणि तुमचे चुलतभाऊ शेषराव काका यांची विहीर एकच. आज तुमच्या पिकाला ओलीत, उद्या त्यांच्या. दुसऱ्याच्या बारीत मोटरीच्या बटनाला हात लावायचा नाही, मग आपलं पीक डोळ्यांदेखत मान टाकत असलं तरी. मी वर्षानुवर्षं हा खेळ खेळत होतो, पण इतका नीट मला तो कधी समजला नव्हता.

मग आपण दोघांनी एकाच लॅपटॉपवर डाव मांडला. मी वनदेव घेतले, तुम्ही बुटके. उत्तरेकडचे राक्षस कॉम्प्युटरकडे. सुरुवातीच्या बाऱ्या मी शेजारी बसून शिकवल्या; मग नियम ठरला, एकाची बारी असली की दुसऱ्यानं तोंड फिरवायचं, म्हणजे त्याचा नकाशा दिसत नाही. तुम्ही किती इमानदारीनं तोंड फिरवायचात! पुन्हा तेच कॅलेंडर. मी मात्र एकदोनदा चोरून बघायचा प्रयत्न केला, तर तुम्ही नुसतं खाकरलात.

नवख्या माणसाला सांगतात ते सगळं मी तुम्हाला सांगितलं होतं. त्यातलं तुम्ही काय ऐकलंत, सांगा बरं?

पहिला सल्ला होता: पहिल्याच बारीत गाव वसवा. जागा शोधत फिरू नका, वेळ फुकट जातो. तुम्ही माणसं घेऊन निघालात ते निघालातच. या टेकडीवरून त्या टेकडीवर. मी माझ्या गावाला कोट बांधला, घोडे घेतले, आणि तुमची माणसं अजून बोचकी घेऊन रानोमाळ. का वसवत नाही, म्हणून विचारलं तर म्हणालात, "इथं काय पिकन? मुरूम हाय सारा." हिरव्या रंगाचे चौकोन होते ते मामाजी! त्यात मुरूम कुठून आला? पण काळीभोर जमीन आणि शेजारी नदी दिसेपर्यंत तुम्ही खाली टेकला नाहीत. तिथे गाव वसवलंत, त्याला पातूर नाव द्यायला लावलंत, आणि माझ्या गावाला अमरावती.

दुसरा सल्ला: आधी सैनिक, मग कोठार. तुम्ही आधी कोठार बांधलंत, मग विहीर, मग आणखी एक कोठार. वर्षा चहा घेऊन आली तेव्हा तुमच्या पहिल्या सरदाराकडे बघून हसली होती. बुटका, पांढऱ्या दाढीचा, कंबरेत थोडा वाकलेला. "बाबा, हे तं तुमीच हा," म्हणाली. तुम्ही वर बघितलं नाहीत, पण मिशीतल्या मिशीत खूश झालात. तेव्हापासून त्याला कधी एकट्याला पुढे पाठवलं नाहीत.

आणि एक सल्ला मात्र तुम्ही अगदी जसाच्या तसा घेतलात. घायाळ माणसाला लढायला लावायचं नाही. त्याला जागेवर बसवायचं, विश्रांतीचं बटन दाबायचं, दोनचार बाऱ्यांत तो आपोआप भरून येतो. नवखे हीच चूक करतात, जखमी माणूस तसाच रेटतात आणि गमावून बसतात. तुम्हाला हे इतकं पटलं की एखाद्या बुटक्याला जरा खरचटलं तरी तुम्ही त्याला माघारी बोलवायचात. "बसू द्या त्याले," म्हणायचात. "माणूस हाय."

मामाजी, मग तुम्हाला स्वतःला कोण बसवणार होतं?

प्लास्टर निघालं, तुम्ही पातूरला गेलात, पण डाव सुटला नाही. तुम्ही आलात की इथे, आम्ही आलो की लॅपटॉप घेऊन तिथे, झेंडूच्या पोत्यांना टेकून. मामीजी म्हणायच्या, सासरे-जावई काय घेऊन बसले लहान पोरांसारखे. तुमची बारी लांबत जायची, चहावर साय धरायची. मग एकदाचं "झालं माह्यं. आता तुमची बारी," असं म्हणून तुम्ही लॅपटॉप दोन्ही हातांनी माझ्याकडे सरकवायचात, जेवणाचं ताट सरकवावं तसा. वर्ष-दीड वर्षात मला तुमच्याबद्दल जेवढं कळलं, तेवढं लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. आणि तरी किती कमी कळलं होतं, ते काल समजलं.

खेळाचा शेवट म्हणजे एकच राज्य उरलं पाहिजे. हे मी तुम्हाला बऱ्याच उशिरा सांगितलं. म्हटलं, कधीतरी तुम्हाला माझ्यावर चालून यावं लागेल, नाहीतर मला तुमच्यावर. तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे पाहिलंत.

"पोरीच्या घरावर चाल करून जाऊ का मी?"

मी म्हटलं, अहो, खेळ आहे हा. असं केलं नाही तर कोणी जिंकणारच नाही.

"मंग जिंकायचं कोनाले हाय?"

उलट धोंड्याचा महिना आला तेव्हा तुम्ही जावयाला वाण द्यायचं म्हणून चांदीची एक अख्खी खाण माझ्या राज्याला देऊन टाकलीत. कुठल्या खेळात कोणी असं केलं असेल? मीही तुमच्यावर चालून आलो नाही. पण खरं सांगतो, माझ्या मनात यायचं, की मामाजींना काही खेळता येत नाही. राज्य एवढंसं, नुसती कोठारं आणि वावर. मी मात्र मोठा सेनापती! उत्तरेच्या खिंडीतून राक्षस माझ्या अमरावतीवर कधी आलेच नाहीत. माझा कोट बघूनच त्यांची हिंमत होत नाही, असं मी तुम्हाला कितीदा ऐकवलं. तुम्ही म्हणायचात, "हो ना बाप्पा."

गेल्या नवरात्रात तुम्ही आलात ते शेवटचं. भरताची वांगी आणली होतीत, पिशवीभर. दुपारी लॅपटॉप पुढ्यात घेतलात. मी तोंड फिरवून बसलो. बराच वेळ काहीच आवाज नाही. मग तुम्ही म्हणालात, "राहू द्या आता. पुढच्या टायमाले करतो." वळून बघितलं तर हात छातीवर. पित्त झालं म्हणालात. वर्षानं जिऱ्याचं पाणी दिलं, ते प्यालात, आणि दसऱ्याची फुलं तोडायची आहेत म्हणून संध्याकाळच्या बसनं निघालातसुद्धा. डाव तसाच सेव्ह करून ठेवला. बारी तुमची, अर्धी झालेली.

दिवाळीच्या तोंडावर अकोल्याच्या बाजारात झेंडू विकून तुम्ही घरी आलात, बाजेवर पडलात, आणि मामीजी पाणी घेऊन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

तुमचा फ्लेक्स मीच छापला. दुसऱ्या कुणाला छापू दिला नाही. इतकी वर्षं लोकांच्या माणसांचे फोटो कापून, मागे ढग लावून 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहीत आलो, हात कधी अडला नाही. तुमचा एकच बरा फोटो सापडला, तो आमच्या घरातला, प्लास्टरच्या दिवसांतला. तुम्ही त्यात बाजूला बघताय. आलेले लोक म्हणत होते, भाऊंची नजर कशी लांब लागली आहे. मी कुणाला सांगितलं नाही, की तुम्ही कॅलेंडर बघत होतात, कारण बारी माझी होती.

आणि मग तेरवीच्या दिवशी मामीजींच्या तोंडून ते निघून गेलं. दसऱ्याच्या आधीपासून तुमच्या छातीत दुखत होतं. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, तपासण्या करा, काम बंद, आराम करा. तुम्ही मामीजींना शपथ घातली होती, पोरीले सांगू नको, दिवाळी होऊ दे. का मामाजी? एका मोसमाच्या फुलांसाठी? वर्षा रोज संध्याकाळी फोन करत होती. रोज तुम्ही म्हणत होतात, बरं हाय माह्यं.

तेव्हापासून वर्षा तुमच्यावर रागावली आहे. रडली नाही. तेरवीहून परत आली ती पुन्हा माहेरी गेली नाही. मामीजींशी फोनवर बोलते, पण तुमचं नाव निघालं की दूध उतू जातंय म्हणून उठते. मी समजावून पाहिलं. एखादं माणूस गेलं म्हणून रडता येतं, पण फसवून गेलं म्हटलं की अश्रू आतच अडकतात, हे मी गेले सहा महिने घरात बघतोय. मला तिची फार भीती वाटायला लागली होती. तुमच्या जाण्यापेक्षाही तिच्या गप्प राहण्याची.

परवा मामीजींचा फोन आला. अक्षय तृतीयेला तुमची पहिली घागर भरायची आहे, पितरांचं पान वाढायचं आहे, तुम्ही दोघं या. मी हो म्हणालो. वर्षा पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "ज्यायनं आपल्याले काई सांगतलं नाई, त्यायची घागर मी काहून भरू?"

मलाही तुमचा राग होताच.

काल रविवार. जेवणं झाली, मी आडवा झालो होतो. ती कपाटातून लॅपटॉप घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "मले शिकवा हा खेळ."

मी म्हटलं, नवा डाव मांडू आपण. तर म्हणाली, नवा नको, तोच उघडा. मी म्हटलं, त्यात बारी मामाजींची आहे, दुसऱ्याच्या बारीत हात लावायचा नसतो. खरं सांगू का, गेले सहा महिने मी म्हणूनच तो डाव उघडला नव्हता. पुढे चालू करायचं म्हणजे तुमच्या वतीनं 'बारी संपली' हे बटन दाबावं लागणार. ते माझ्याच्यानं होत नव्हतं. जोवर ते दाबलं नाही, तोवर तुम्ही विचार करताय आणि मी तोंड फिरवून बसलोय, असं मला समजता येत होतं.

वर्षा म्हणाली, "विहिरीवर बाप नसला तं बारी कोनाची असते? लेकराची ना?"

तुमच्या घरातली माणसं नेमकं असंच का बोलतात हो?

मग मी तिला शिकवत बसलो. गंमत बघा, तुम्हाला दिलेले सल्ले तिला द्यायला लागलो तर तोंडातून सगळं तुमचंच येत होतं. म्हटलं, आधी जमीन पाहा. आधी कोठार भरलेलं आहे का बघ. सरदाराला एकट्याला पुढे पाठवू नको. खरचटलं की माघारी बोलाव. ती मान हलवत होती. मग मी डाव उघडला आणि सवयीनं तोंड फिरवून बसलो.

थोड्या वेळानं ती म्हणाली, इकडे बघा. मी म्हटलं, बघायचं नसतं. ती पुन्हा म्हणाली, "बघा ना." तिचा आवाज वेगळा आला, म्हणून वळलो.

शिकवण्याचे दिवस संपल्यावर तुमचा नकाशा मी पहिल्यांदाच पाहिला, मामाजी.

पातुरात एक म्हातारा भालेवाला तेवढा होता. बाकी कोणी नाही. कोठारं भरलेली, वेशीवर राखणदार नाही. तुमचं सगळं सैन्य, एकूण एक बुटका, माझ्या अमरावतीच्या उत्तरेला उभं होतं. त्या खिंडीत. डोंगराच्या पलीकडे, जिथे माझा उजेड पोचत नाही. तोंडं सगळ्यांची राक्षसांकडे आणि पाठ माझ्या गावाकडे.

म्हणजे राक्षस येत होते. सारखे येत होते. माझा कोट बघून कोणी घाबरलं नव्हतं. मी तुमच्यासमोर मिशांना पीळ देत होतो आणि तुम्ही "हो ना बाप्पा" म्हणत माझी राखण करत होतात. आणि मी तुम्हाला खेळ शिकवला असं समजत होतो!

वर्षाला मी हे सगळं उलगडून सांगितलं. खिंड म्हणजे काय, माझं गाव कुठे, तुमचं कुठे. मग तिनं एकेका बुटक्यावर जाऊन बघायला सुरुवात केली. तुमचा त्या दुपारी जवळजवळ सगळ्यांना हुकूम देऊन झाला होता. जे जखमी होते ते मागे बसवलेले, विश्रांतीत. ज्यांची विश्रांती झाली ते पुढे आणलेले. नीट ओलिताच्या बाऱ्या लावाव्या तसं. फक्त एकाचा हुकूम राहिला होता.

पांढऱ्या दाढीचा सरदार. अगदी पुढे उभा. जीव दाखवणारी पट्टी जवळजवळ रिकामी, लाल. त्याला तुम्ही बसवलं नव्हतंत.

"याचं काय राह्यलं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, याच्यावरच थांबले होते ते. मग छातीत दुखायला लागलं.

"याले बसवता येते?"

मी तिला बटन दाखवलं. तिनं बाण त्यावर नेला आणि तशीच थांबली. मग अगदी हळू, त्या पडद्याकडे बघत म्हणाली, "बसा ना आता, बाबा."

आणि बटन दाबलं. तो एवढासा सरदार कुऱ्हाड खाली ठेवून दगडाला टेकून बसला. तुम्ही बसवलेले बाकीचे बसतात तसाच.

मग ती रडली, मामाजी. पदर तोंडाशी धरून, मोठ्यानं, तेरवीला रडायला हवं होतं तशी. मी तिला अडवलं नाही. मीही कुठे धड होतो? बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले, 'बारी संपली' दाबलं, आणि दोन्ही हातांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "झालं माह्यं," म्हणाली.

तिचा राग गेला असं मी म्हणणार नाही. रात्री जेवताना म्हणाली, खेळात राखण केली तं सांगाले काय झालं होतं, आणि दुखणं तरी सांगाचं होतं. तुमच्याशी ती अजून भांडणार आहे, तयारीत राहा. पण आज सकाळी तिनं मामीजींना फोन केला आणि विचारलं, घागर नवी आणली का, की मी अकोल्याहून घेऊन येऊ.

उद्या पहिल्या बसनं निघतोय आम्ही. पानावर भरीत वाढायचं ठरलं आहे. वांगी इथलीच घ्यावी लागली, तुमच्या वांग्यांची सर नाही, नावं ठेवू नका.

आता माझी बारी आहे. काल मी खेळलो नाही, तुम्हाला विचारल्याशिवाय खेळवेना. म्हणून इथे सांगून ठेवतो. तुमच्या बुटक्यांना मी हात लावणार नाही, ते आता वर्षाचे. पण माझे निम्मे घोडेस्वार मी खिंडीत नेऊन उभे करतो, बुटक्यांना सुटी मिळू द्या. आणि निम्मे तुमच्या पातूरच्या वेशीवर. इतके दिवस ते गाव एका म्हाताऱ्या भालेवाल्यावर टाकून तुम्ही इकडे उभे होतात. यापुढे तसं राहणार नाही.

खऱ्या पातूरचंही तसंच. मामीजी एकट्या आहेत. दिवाळीपासून तुमच्या ओलिताची बारी शेषराव काकाच बघतात, स्वतःचं करून. त्यांच्यावर किती दिवस टाकायचं? रविवारी माझं दुकान बंद असतं. यापुढे रविवारी येणारी तुमची बारी मी देईन. दसऱ्याला वावरात झेंडू असेल. मला रोपं लावता येत नाहीत, मोटर कुठल्या बाजूनं चालू होते तेही धड माहीत नाही. नवखाच आहे मी. पण तुमचा पहिला सल्ला पाठ आहे, आधी जमीन पाहायची. ती तर तुम्ही पाहूनच ठेवली आहे.

तुम्ही बसा आता. दगडाला टेकून, निवांत. राखणीचा हा शब्द मी मोडणार नाही.

तुमचा जवाई,
गजानन